हात बिघडला की भट्टी?

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाची खाती वाटून दिलेली आहेत. चिवडा माझ्याकडे, म्हणजे सौ. सांगेल तसा झारा फिरवणे. चकल्या-करंज्या सौ.कडे. नानकटाई मात्र आईची. पूर्वी ती गोळे पत्र्यावर मांडून द्यायची आणि ते बेकरीत नेऊन रांगेत ताटकळायचे काम माझे. घरात विजेचा ओव्हन आला तशी रांग संपली. नानकटाई आईचीच राहिली.

गेल्या वर्षी मात्र विपरीत घडले. पहिला ट्रे उत्तम उतरला. दुसरा कच्चा, पसरलेला, टाळूला चिकटणारा. तिसरा बरा, चौथा पुन्हा कच्चा. सौ. हळूच म्हणाली, "आईंचं तुपाचं प्रमाण चुकलं असेल." चिरंजीव म्हणाले, "आजी विसरते हल्ली." मी गप्प राहिलो, म्हणजे मलाही तेच वाटत होते. आईचे वय शहात्तर. संध्याकाळी तिने प्रमाणाची जुनी वही सुनेच्या हाती ठेवली. "घे बाई, माझा हात आता राहिला नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. पडल्यापडल्या एकदम लक्षात आले, की पीठ तर एकाच परातीतले होते! वेळही ओव्हनचीच घंटा सांगत होती. मग एक ट्रे खुसखुशीत आणि दुसरा कच्चा, हा दोष हाताचा कसा?

सकाळी बाजारातून ओव्हनमध्ये ठेवायचा साधा, काट्याचा तापमापक आणला. मधल्या जाळीवर ठेवून 180 अंश लावले. अर्धा तास थांबून मग दर पाच मिनिटांनी काचेतून वाचत बसलो. वाचकहो, काटा दहा-बारा अंश वरखाली झाला तर घाबरू नका. ओव्हन तापतो, बंद होतो, पुन्हा तापतो. ती त्याची चालच आहे. पाहायची ती सरासरी. आमची सरासरी आधी 180 भरली आणि तासाभराने 150 वर आली. ओव्हनच्या पाटीवर मात्र 180 चा आकडा ठाम!

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर न पाहताच तो म्हणाला, "कार्ड बदलावं लागेल." किंमत ऐकून मी म्हटले, आधी नाडी तर पाहू.

ओव्हनच्या मागच्या भिंतीतून पेन्सिलीएवढी एक कांडी आत डोकावते. हा त्याचा तापमान ओळखणारा सेन्सर. आमच्या ओव्हनच्या कांडीत प्लॅटिनम असते. धातू तापला की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो. त्यावरून तापमान अचूक मोजता येते हे ह्यू कॅलेंडर यांनी 1887 साली दाखवून दिले. आमच्या जातीच्या सेन्सरचा विरोध शून्य अंशाला 1000 ओहम, 30 अंशांना सुमारे 1117, तर 180 अंशांना सुमारे 1685. सगळ्या ओव्हनांत हीच जात नसते, तेव्हा आपल्या ओव्हनचे आकडे माहितीपुस्तकात पाहावेत.

प्लग काढला, ओव्हन पुरता गार होऊ दिला, दोन स्क्रू सोडवून कांडी बाहेर ओढली आणि मल्टिमीटर लावला. 1117! कांडी ठणठणीत. मीटरने अनंत दाखवले असते तर आतली तार तुटली, शून्याजवळ दाखवले असते तर तारा एकमेकींना चिकटल्या, असे समजायचे.

मग दोष वाटेत. वरचे झाकण उघडणे हे आपले काम नव्हे, म्हणून दुसऱ्या एका माहीतगार कारागिराला बोलावले. कांडी जोडलेली ठेवून त्याने कार्डाच्या टोकाकडून मोजले: 1227. जोडणी जरा हलवली की आकडा नाचू लागे. जोडणीच्या पिना काळ्या पडल्या होत्या. त्या जोडावर 110 ओहम विरोध फुकटचा वाढत होता. 150 अंशांना कांडी म्हणते 1573. त्यात हे 110 मिळाले की कार्डाला वाटते 180 झाले, आणि ते तापवणे थांबवते! उष्णता सोसणारी नवी जोडणी बसवली. खर्च कार्डापुढे किरकोळ.

ज्यांच्याकडे बटण फिरवायचा लहान ओव्हन आहे, त्यांच्यात बहुधा द्रव भरलेली नळी हे काम करते. तिथे मल्टिमीटर कामाचा नाही. नळीचे टोक चिमट्यातून निसटून भिंतीला टेकले नाही ना, हे कारागिराकडून पाहून घ्या. ओव्हन तापतच राहिला, बंदच होईना, तर द्रव गळाला असण्याचा संभव आहे. मग प्लग काढा आणि दुरुस्तीपर्यंत तो वापरू नका.

दुपारी आईने पुन्हा पीठ भिजवले. चार ट्रे भाजले, चारही सारखे. सौ.ने वही परत तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आई, माझं चुकलं." मी मात्र वर्तमानपत्रात डोके खुपसून बसलो होतो.

"वही असू दे तुझ्याकडे," आई म्हणाली. "मला पाठ आहे. आणि याला सांग, नानकटाई हवी असेल तर आधी बोल म्हणावं."

मी बोललो. चार दिल्या.