सगळंच खापर लाईटवर फोडू नका

स्पष्टच लिहितो. काही धंदेवाल्या मित्रांना झोंबेल, पण लिहितो.

मोटार जळाली की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, "लाईटनं घात केला." रिवायंडिंगवाला मान डोलावतो, "हो ना दादा, व्होल्टेजच नाही तर मोटार काय करणार!" दोघांचं एकमत झालं, विषय संपला. मोटार भरली, पैसे दिले, आणि दोन महिन्यांनी तीच मोटार पुन्हा टेम्पोत.

मी स्वतः मोटारी भरतो, म्हणून सांगतो. व्होल्टेजचा त्रास खोटा नाही. नियमाप्रमाणे ४१५ व्होल्टच्या सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे साधारण ३९० ते ४४०. आपल्याकडे एका डीपीवर सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की काटा ३२० वर येतो. तेवढंच पाणी उचलायचं तर मोटार जवळपास १.३ पट करंट ओढते, आणि तारेतली उष्णता वाढते १.७ पट. अशानं मोटार जळणारच. हा दोष पुरवठ्याचा, त्यात दुमत नाही.

पण प्रत्येक मोटार अशी जळत नाही, आणि कशानं जळली ते तिच्या पोटात लिहिलेलं असतं. झाकण उघडून बघा. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर कमी व्होल्टेज किंवा ओव्हरलोड. स्टारमधल्या मोटारीत दोन फेज काळे आणि एक कोरा, किंवा डेल्टात एकच फेज काळा, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालली. आणि सगळं वायंडिंग स्वच्छ, फक्त लीडच्या सांध्याजवळ तार वितळलेली, बाजूचा कागद करपलेला, तर मंडळी, तिथे लाईटचा काही संबंध नाही. तो सांधा बनवणाऱ्याचा दोष आहे.

सांधा कसा हवा, हे काही गुपित नाही. तारेवरचं इनॅमल तांबं चकाकेपर्यंत खरवडायचं. स्लीव्ह आधीच तारेत ओवून ठेवायची. पीळ घट्ट द्यायचा, वर सोल्डर किंवा ब्रेझिंग. बाहेर आलेलं टोक कापायचं, स्लीव्ह सांध्याच्या दोन्ही बाजूंना पुरेशी पुढे जाईल अशी सरकवायची, दोऱ्यानं कॉइलला बांधायची म्हणजे थरथरणार नाही. मग वार्निश, मग भट्टी. आणि प्रत्यक्षात काय होतं? इनॅमल अर्धवट खरवडलेलं, नुसता पीळ, वर वायरमनची साधी काळी टेप. मोटार तापली की त्या टेपचा चिकटा सुटतो आणि सांधा उघडा पडतो.

हिशोब करून बघा. तीन एचपीची स्टारमधली मोटार साधारण पाच अँपिअर घेते. ढिल्या सांध्यात फक्त ०.१ ओहम रोध राहिला तर तिथे अडीच वॅट उष्णता तयार होते. सुरू होताना करंट सहापट, म्हणजे उष्णता छत्तीसपट, नव्वद वॅट. हरभऱ्याएवढ्या जागेत नव्वद वॅट! लाईट दिवसातून दहा वेळा येते-जाते, ऑटो लावलेली मोटार दहा वेळा सुरू होते. सांधा किती दिवस टिकणार?

पाण्यानं भरलेल्या सबमर्सिबलला तर वार्निशही नसतं. तिथे तारेवर प्लॅस्टिकचं आवरण आणि सांधा टेपनं बांधलेला. त्यात पाणी शिरलं की खेळ खलास.

आणि प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. उघडा सांधा बॉडीला टेकला की मोटार, पाईप, सगळ्यात करंट उतरतो. अर्थिंग किती जणांकडे नीट आहे ते तुम्हालाच माहीत. रात्री दोन वाजता ओल्या पायानं मोटारीला हात लावणारा माणूस कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

धंदेवाले म्हणतील, "गिऱ्हाईक पैसेच देत नाही, काम कसं करायचं?" अहो, खर्च तांब्याचा आणि मजुरीचा असतो. स्लीव्ह, सोल्डर आणि अर्धा तास, यानं कुणी भिकेला लागत नाही. आणि शेतकरी बांधवांनो, तुम्हीही फक्त "किलोला काय भाव?" विचारता. सांधा कसा केला, हे कुणीच विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं वीजबिल सरकारनं माफ केलं. चांगलं झालं. पण मोटार भरायचं बिल कुणी माफ केलेलं नाही, ते तुमच्याच खिशातून जातं. त्याबद्दल वीज कंपनीकडे दाद मागायची तर पुरावा काय? "सगळ्यांच्याच मोटारी जळतात" हे भाषण झालं. एका डीपीवरच्या पाच मोटारी तिन्ही फेजनी सारख्या जळाल्या, तारखेनिशी लिहून दिलं, सोबत फोटो, हा पुरावा झाला. आपण सांध्याच्या चुकाही लाईटच्या खात्यावर टाकतो, म्हणून आपली खरी तक्रारही साहेबाला खोटी वाटते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जुनं वायंडिंग कापण्याआधी मालकाला दाखवा, फोटो द्या. जळण्याचं कारण बिलावर लिहा. वार्निशआधी सांध्यांचा फोटो द्या. मोटार परत देताना ५०० व्होल्टच्या मेगरचं रीडिंग लिहून द्या, फेज ते बॉडी आणि स्टार बांधण्याआधी फेज ते फेज. नव्यानं भरलेल्या कोरड्या मोटारीचं रीडिंग कितीतरी मेगओहम यायला हवं. एकाच्या खाली आलं तर ती दुकानाबाहेर काढूच नका.

जो दुकानदार हे करायला तयार नाही, त्याच्याकडे मोटार टाकू नका. माझ्याकडेही हे मागा, मी देतो. एवढं झालं की मग वीज कंपनीच्या दारात जाऊ, आणि कागद हातात घेऊन जाऊ.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो.