नाडी न पाहतां

“नाडी न पाहतां, जीभ न बघतां का कोठें वैद्यकी शिकतां येते?” ज्या घरचीं मुलें वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत होतीं, तेथील वडील मंडळींच्या मनांत करोनाच्या सांथींत हा प्रश्न आला असेल, तर तो रास्तच म्हटला पाहिजे.

२०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली, महाविद्यालयें बंद पडलीं आणि रोग्याच्या खाटेशीं उभें राहून शिकणारे विद्यार्थी घरीं येऊन बसले. त्याच सुमारास, २५ मार्च रोजीं, दुरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयींचे नियम केंद्र सरकारनें प्रसिद्ध केले. सल्ला व औषध देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या डॉक्टरासच ठेवला. अमली औषधांस मज्जाव केला. आणि आरोग्यसेविकेनें रोग्याजवळ बसून दुवा व्हावें, ही सोयही ठेवली. तेव्हां विद्यार्थ्यानें शिकावयाचें तें गुरूशेजारीं बसून: प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कसें ऐकावें.

हें शिक्षण किरकोळ नव्हे. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे तालुके डोळ्यांसमोर आणावे. भातखाचरें, रान, आणि त्यांत विखुरलेले वारली, ठाकूर, कातकरी यांचे पाडे. समजा, अशा पाड्यावरील आईनें फोनवर सांगितलें, “पोराला खोकला हाय, धाप लागतेय.” छातीला नळी लावतां येत नाहीं; परंतु मूल शांत असतांना त्याचा सदरा वर करून, घड्याळ पुढें धरून, पुरा एक मिनिट श्वास मोजावयास सेविकेला सांगतां येतें. दोन महिन्यांपुढील व वर्षाच्या आंतील मुलाचे श्वास ५० वा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक भरले, तर तो न्युमोनियाचा इशारा समजावा आणि मूल विनाविलंब दवाखान्यांत आणावयास सांगावें. प्रत्येक गृहिणीनेंही हे आकडे ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत.

२०२० च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र सरकारनें ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. तींत दारोदार जाऊन ताप व रक्तांतील प्राणवायू मोजीत. असा आकडा फोनवरून कळतो. पोटाचा ताठरपणा मात्र हात ठेवल्याशिवाय कळत नाहीं.

म्हणून संभाषण कोठें थांबवावें, हेंही विद्यार्थ्यानें शिकलें पाहिजे. भातकापणींत सर्पदंश झाला, गरोदर बाईस रक्तस्राव होऊं लागला, तर प्रश्नोत्तरांत वेळ न दवडतां १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. पण “रुग्णालयांत या” हे दोन शब्द उच्चारणें जितकें सोपें, तितकें तें पाळणें सोपें नाहीं. त्यांत दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडें पडतें, घरीं लहान मुलें कोणाजवळ ठेवावीं ही चिंता उभी राहते. यास्तव फोन ठेवण्यापूर्वीं “कोण आणील? कशांतून आणील?” हेंही विचारणें चिकित्सेचाच भाग होय.

मुंबईंतील विद्यार्थी ज्या तानसा-भातसाचें पाणी पितो, तीं धरणें शहापूर तालुक्यांतच आहेत. तिकडचा रोगी त्यास प्रथम केवळ आवाजानें भेटला असेल, तर पुढें त्यानें त्या पाड्याची वाट एकदां पायीं चालून पाहावी. आपल्या घरचा विद्यार्थी सुटींत आला, कीं वडील मंडळींनीं त्याच्या गुणांबरोबर हीही चौकशी अवश्य करावी.