घासण्याआधी बटण वाचा



पितळेचं काही काळवंडलेलं दिसलं की आपला हात आधी चिंचेकडे जातो. माझाही गेला, आणि त्या गडबडीत मी दुसऱ्याच्या घरची एक आठवण खरवडून ठेवली. म्हणून आज थोडं बटणांविषयी.

माझ्या मोठ्या नणंदबाई इंग्लंडात बर्मिंगहॅमला असतात. दिवाळीला आल्या तेव्हा त्यांनी बॅगेतून एक पत्र्याची डबी काढली. आत गणवेशाची पाच बटणं. शेजारच्या आजींनी दिलेली. आजींचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी पोलिसांत होते. थोरला भाऊ १९५७ साली सक्तीच्या लष्करी सेवेत त्याच दलात गेला. आईनं दोघांचीही बटणं एकाच डबीत टाकली. आता आजींना वडिलांची बटणं नातवाला आणि भावाची त्याच्या मुलीला द्यायची आहेत. पण कोणतं कोणाचं?

"अगं, माझी भावजय शाळेत इतिहास शिकवते, असं मी सांगून बसले," वन्सं म्हणाल्या. "बघ काही कळतं का."

मी भिंग शोधायचं सोडून घासणी शोधली! चिंच लावून तारेच्या घासणीनं दोन हात मारले, तर सोनेरी रंग उडाला आणि खाली पांढरा धातू दिसायला लागला. वन्संचा चेहरा उतरला. "राहू दे गं," एवढंच म्हणाल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं आणि भिंग घेऊन बसले. जे कळलं ते असं.

१. दलाचं नाव. ब्रिटिश सैन्यात आधी घोड्यावरचे आणि पायी फिरणारे असे लष्करी पोलीस वेगवेगळे होते. १९२६ साली दोन्ही मिळून एक दल झालं. लाल टोपीमुळे त्यांना 'रेडकॅप्स' म्हणतात. 'रॉयल' ही उपाधी त्यांना २८ नोव्हेंबर १९४६ रोजी मिळाली. तेव्हा 'रॉयल मिलिटरी पोलीस' असं कोरलेलं बटण महायुद्धातलं असूच शकत नाही.

२. राजाची अक्षरं. दलाच्या चिन्हात लॉरेलच्या पानांचं कडं, त्यात राजाची किंवा राणीची आद्याक्षरं आणि वर मुकुट असतो. 'जी' आणि 'आर' यांच्यामध्ये रोमन सहा असेल तर सहावा जॉर्ज, म्हणजे १९३६ ते १९५२. 'ई' आणि 'आर' यांच्यामध्ये रोमन दोन असेल तर एलिझाबेथ राणी, १९५२ नंतरची.

३. मुकुट. सहाव्या जॉर्जच्या वेळचा मुकुट घुमटासारखा गोल. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खचलेल्या. पण नुसत्या मुकुटावर विसंबू नका. २०२२ साली चार्ल्स राजानं पुन्हा गोल मुकुटच निवडला. अक्षरं पाहिलीच पाहिजेत.

४. धातू. जुनी बटणं पितळेची, हाताला जड. १९५० नंतरच्या दशकात सोनेरी मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची हलकी बटणं आली. शिपायांची रोजची घासाघीस वाचावी म्हणूनच ती काढली होती, आणि नेमकं तेच बटण मी घासलं!

५. पाठ. मागे फर्मिन किंवा गाँट अशी नावं दिसतात. ती बटण बनवणाऱ्यांची, घालणाऱ्याची नव्हेत. त्यांनी कितीतरी वर्षं अनेक पलटणींसाठी बटणं बनवली, त्यामुळे नुसत्या या नावावरून दल ठरत नाही.

आता आमची पाच बटणं. दोन पितळी, सहाव्या जॉर्जची, 'रॉयल' नसलेली. ती वडिलांची. दोन हलकी, राणीच्या अक्षरांची. ती भावाची, आणि त्यातलंच एक माझ्या हातून बिघडलेलं. पाचव्यावर नुसतं राजचिन्ह होतं, सिंह आणि एकशिंगी घोडा असलेलं. असं बटण सैन्यात अनेक दलांचे शिपाई वापरत. ते वडिलांचं, भावाचं की आणखी कोणाचं, हे बटण सांगत नाही. ओढूनताणून मी ते कोणाच्या नावावर केलं नाही.

प्रत्येक बटण वेगळ्या कागदात गुंडाळून वर चिठ्ठी लावली. बिघडलेल्या बटणाच्या चिठ्ठीवर माझी चूकही लिहिली. वन्संनी परत गेल्यावर फोन केला. आजी म्हणाल्या होत्या, "भावानं स्वतः कधी काही घासलं नाही, कोणीतरी घासायलाच हवं होतं!" आजी हसल्या असतील, पण मला ते बटण अजून दिसतं.

तेव्हा जुनं बटण, बिल्ला किंवा पदक हाती आलं तर चिंच, लिंबू, राख, घासणी काही लावू नका. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसा, उजेडात भिंगानं दोन्ही बाजू पाहा, आणि ओल नसलेल्या जागी कागदात ठेवा.

आणि तुमच्या शिवणाच्या डब्यात सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या कोटाचं एखादं बटण असेल, तर ते कोणाचं हे आजच एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. आजींच्या आईनं तेवढंच करायचं राहून गेलं होतं.