जळालेला बोर्ड आणि जळण्याचे कारण

हिवाळ्याची चाहूल लागली की अनेक महिने विसावलेला गिझर पुन्हा सुरू होतो आणि पुष्कळदा याच दिवसांत तो दगा देतो. वर्धा-नागपूर लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) सारख्या गावात अशा वेळी घरात दोनच प्रश्न विचारले जातात : दुरुस्तीला किती लागतील आणि नवा केवढ्याला पडेल? व्यापारी घराला हे प्रश्न शोभणारेच आहेत. तथापि त्यांच्या आधी विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. तो जळाला कशाने?

अंक दाखविणाऱ्या नव्या धाटणीच्या गिझरमध्ये एक सर्किट बोर्ड असतो. पाण्याचे तापमान पाहून कॉइलचा प्रवाह सुरू-बंद करणे हे त्याचे काम. शहरांतील बंगल्यांत पोहण्याच्या तलावाचे पाणी तापविणाऱ्या यंत्रातही असाच बोर्ड असतो. दोन हजार वॅटची कॉइल २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. हा सारा प्रवाह बोर्डावरील रिलेतून व स्क्रूने आवळलेल्या टोकांतून जात असेल आणि त्यांतील एखादे टोक सैल झाले असेल, तर तेथे अवघा ०.३ ओहम रोध निर्माण झाला तरी जवळजवळ २३ वॅट उष्णता त्या एका बिंदूवर साठते. कारागिराच्या मेजावरील सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचे असते, हे ध्यानी घेतले म्हणजे बोर्ड का काळवंडतो ते निराळे सांगावे लागत नाही.

दुरुस्ती अशक्य नसते. मात्र ती जाणत्या हातानेच व्हावी. प्रथम एमसीबी बंद करून, प्लग काढून, टेस्टरने खात्री करावी. तारा सोडण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घेतल्यास जोडणी चुकत नाही. जळालेला भाग नुसता पुसून भागत नाही. बोर्डाचा कोळसा झालेला अंश स्वतःच वीज वाहू लागतो, म्हणून तो निर्मळ भाग लागेपर्यंत खरवडून काढावा लागतो. उडालेल्या तांब्याच्या पट्टीऐवजी पुरेशा जाडीची तार सोल्डर करावी. नवा रिले जुन्याच व्होल्टेजचा आणि त्याच किंवा अधिक अँपिअर क्षमतेचा असावा. करपलेले टोक कापून तारेला नवी लग बसवावी. दुरुस्त झालेला बोर्ड प्रथम सिरीज बल्बवर तपासणे ही जुन्या कारागिरांची रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

एवढे करूनही मूळ दोष तसाच राहिला, तर नवा रिले त्याच वाटेने जातो. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर चढला आहे काय, कॉइलमधून टाकीत वीज उतरते काय, अर्थिंग शाबूत आहे काय, भिंतीवरील सॉकेट १६ अँपिअरचे आहे काय, हे तपासल्यावाचून झाकण बसवू नये.

एक गोष्ट तर कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. थर्मल कटआउट वारंवार पडतो म्हणून काही कारागीर त्याची दोन्ही टोके थेट जोडून देतात. यंत्र लगेच चालू होते, शंभर-दोनशे रुपये वाचतात आणि गिऱ्हाईकही संतुष्ट होते. परंतु रिलेची टोके एकमेकांस चिकटली तर कॉइल बंद करणारे त्या घरात काही उरत नाही. बंद टाकीत पाणी उकळत राहते. सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी तुंबलेला असेल तर टाकी फुटू शकते. भिंतीपलीकडे घरातले मूल अंघोळ करीत असते. वाचलेल्या दोनशे रुपयांचा हिशेब त्या क्षणी कोणी मांडावा? घरच्या विजेच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे हेही याच सावधगिरीचे अंग होय.

टाकीच गळू लागली असेल किंवा बोर्डाचा मोठा भाग कोळसला असेल, तर मात्र मोह आवरावा. नवा बोर्ड हवा असल्यास केंद्र शासनाने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर सहभागी कंपन्यांच्या सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती मिळते. जुना बोर्ड भंगारात फेकू वा जाळू नये. तो ई-कचरा म्हणून नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावा.

वर्धा जिल्ह्याला हा विचार परका नाही. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने आपले कार्य उभे केले, ते गावातील कारागिराचे कौशल्य गावातच जगावे म्हणून. चांगल्या कारागिराला रास्त मजुरी देणे, त्याच्याकडून जळालेला भाग परत मागणे आणि कारण समजावून घेणे, हा त्याच परंपरेचा आजचा धागा आहे.

रोकड जुळत नसेल तर व्यापारी वरून आकडा दुरुस्त करीत नाही. चूक कोणत्या पानावर झाली ते शोधतो. घरातील यंत्रालाही तोच न्याय लावावा.