पद्मिनीला टॉवेल

परवा सोलापुरात सात रस्त्यावर भर दुपारी एक प्रीमियर पद्मिनी बॉनेट उघडून उभी होती आणि मालक तिच्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर ओला टॉवेल गुंडाळत होते. टॉवेल अर्थातच सोलापुरी. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या कुठल्याही गाडीत इंजिनच्या तापाने आणि उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊ शकते, आणि मग गाडी बंद पडते. दोष गाडीचा नाही, आमच्या मे महिन्याचा. तेवढ्यात शेजारून अँबेसेडर डुलत गेली, लग्नाला उशिरा निघालेल्या मामासारखी. तिचं इंजिन १४८९ सीसीचं, पद्मिनीचं १०८९. सात माणसं, आहेराची भांडी आणि खड्डे, सगळं ती मुकाट सोसते. पण वळवताना खांदे भरून येतात, आणि पेट्रोलचा खर्च? तो मामाच्या जेवणासारखा, विचारू नये. पद्मिनी हलकी, गल्लीबोळात चटकन वळणारी. प्लग-पॉइंट साफ करायला प्लगचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिशपेपर पुरे. म्हणून माझं मत पद्मिनीला. पक्षपात म्हणा हवं तर! प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले, म्हणजे पद्मिनी आमची माहेरवाशीणच. टॉवेल वाळला, मालकांनी तो पुन्हा भिजवला, उरलेलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू.