गृहचर्चा : नळी कीं घांस?

अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या घरांत 'आईला आतां भरवूं नका' हें वाक्य उच्चारणें कोणासही जड जातें. दारीं आलेल्या अतिथीस विन्मुख न पाठविणारीं घरें स्वतःच्या जन्मदात्रीस उपाशी कशीं ठेवतील? म्हणूनच वृद्ध आईला किंवा वडिलांना गिळतां येईनासें झालें, आणि डॉक्टरांनीं 'नाकांतून नळी घालावयाची काय?' असें विचारलें, म्हणजे बहुतेक मुलें लगेच होकार देतात. त्या होकारापूर्वीं घरांत चार गोष्टी मोकळेपणानें बोलल्या जाव्यात, असें आम्हांस वाटतें.

शिरूर व दौंड या आपल्या जिल्ह्यांतील दोन गांवांकडे पाहावें. थोरला मुलगा वडिलोपार्जित घर सांभाळून शिरुरास, मुलगी दौंडास आणि धाकटा परदेशीं, अशी मांडणी आज अनेक कुटुंबांत असते. पुण्याचीं मोठीं रुग्णालयें दोन्ही गांवांहून ७०-७५ किलोमीटरांवर. तेथें नळी घालून आजाऱ्यास घरीं आणणें सोपें. परंतु रात्रीं दोन वाजतां त्यानें ती उपसली, तर पुन्हा कोण घालणार? दिवसांतून पांच-सहा वेळां पातळ आहार देणें, प्रत्येक वेळीं नळी पाण्यानें धुणें, आहारानंतर तासभर आजाऱ्याचें डोकें उंच ठेवणें, हें सर्व कोणा एकीच्या, बहुधा सुनेच्याच, अंगावर पडतें. होकार देण्यास सारें कुटुंब जमतें, आणि जागण्यास ती एकटी उरते.

आतां वैद्यकाचें म्हणणें पाहूं. अर्धांगवायूनंतर गिळण्याची शक्ति कांहीं आठवड्यांत परत येण्याचा संभव असतो. घशाच्या शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळदां तसेंच. अशा वेळीं नळी हा ओढा ओलांडण्यापुरता घातलेला साकव होय, व ती नाकारणें अविचाराचें ठरेल. परंतु स्मृतिभ्रंश शेवटच्या पायरीस पोंचला असतां नळीनें आयुष्य वाढतें किंवा न्यूमोनिया टळतो, असें आजवरच्या अभ्यासांत दिसून आलेलें नाहीं. तोंडांतील लाळ व जठरांतून उलट येणारें अन्न फुप्फुसांत उतरतें, तें नळीनें थांबत नाहीं. उलट गोंधळलेला आजारी नळी ओढतो, आणि त्याचे हात बांधण्याची पाळी येते. ज्या हातांनीं आपणांस भरविलें तेच हात खाटेस बांधावयाचे, हें चित्र होकार देतांना डोळ्यांपुढें असावें.

नळी नको म्हणजे उपास घडवावयाचा, असें मात्र मुळींच नव्हे. अमेरिकेंतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१४ सालीं अशा आजाऱ्यांस हातानें जपून भरविण्याचाच सल्ला दिला. आजाऱ्यास ताठ बसवावें, लहान चमच्यानें मऊ घांस द्यावा, तो गिळला गेल्यावरच दुसरा द्यावा, आणि त्यानें तोंड मिटलें कीं आपणही थांबावें. अखेरच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. तेव्हां ओल्या कापसानें ओठ भिजविणें हीच सेवा असते.

निर्णयांत कोणाचा शब्द ऐकावा? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या अत्याचारांत मेंदूस इजा होऊन अंथरुणास खिळल्या. तेथील परिचारिकांनीं त्यांना वर्षानुवर्षें मऊ अन्न तोंडानें भरविलें. सप्टेंबर २०१० मध्यें हिवतापांत खाणें कमी झालें, तेव्हां नळी घालावी लागली. त्यांचें अन्न थांबवावें हा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं फेटाळला, आणि त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार अर्जदार लेखिकेचा नसून सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा आहे, असें मानलें. १८ मे २०१५ रोजीं त्यांचें निधन झालें. त्या निकालाविषयीं मतभेद असतील; पण जो भरवितो त्याचें मत आधीं विचारावें, हा बोध प्रत्येक घरानें घेण्यासारखा आहे.

त्याहूनही वरचढ शब्द स्वतः आजाऱ्याचा. नोव्हेंबर १९८२ मध्यें पवनार येथें विनोबांनीं अन्न, पाणी व औषध नाकारलें, आणि १५ तारखेस देह ठेवला. त्यांनीं आपला निर्णय आपणच घेतला, म्हणून तो कोणाच्या माथीं बसला नाहीं. सर्वांस तें व्रत साधेल असें नव्हे. पण आपली इच्छा सांगून ठेवणें प्रत्येकास साधेल. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं असें इच्छापत्र करण्यास मान्यता दिली, व जानेवारी २०२३ मध्यें त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करावी. प्रत नेमलेल्या आप्तास, घरच्या डॉक्टरांस आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्यास, म्हणजे शिरूर व दौंड येथें नगरपरिषदेकडे, द्यावी. इच्छापत्र नसल्यास, असाध्य आजारांत जवळच्या आप्तांची संमति व डॉक्टरांच्या दोन मंडळांचें मत घेऊन कृत्रिम उपाय थांबवितां येतात.

मन निश्चित होत नसेल, तर मुदत घालून नळी घालावी. दोन-तीन आठवड्यांत कोणती सुधारणा दिसावयास हवी, हें डॉक्टरांस आधींच विचारून ठेवावें, आणि मुदत संपतांच सर्वांनीं पुन्हा एकत्र बसावें. परदेशींच्या भावानें त्या बैठकींत फोनवरून बोलण्यापूर्वीं शक्य तर आठ दिवस येऊन आजाऱ्याच्या खोलींत निजावें. त्याचें मत मग कांहींही असो, तें पाहून झालेलें असेल.

आईवडील धड बोलत आहेत तोंवरच हा प्रश्न त्यांना विचारावा. त्यांत अभद्र कांहीं नाहीं. मृत्युपत्राविषयीं आपण विचारतोंच कीं नाहीं? होकार असो वा नकार, तो त्यांच्या शब्दास धरून व उशाशीं बसणाऱ्यांस विचारून झालेला असावा. म्हणजे तेराव्याचीं पानें उठल्यावर भावाभावांत 'तूंच आईला उपाशी मारलेंस' हा शब्द निघणार नाहीं, आणि 'तूंच तिचे हाल केलेस' हाही निघणार नाहीं.