चाकांवरच्या घरालाही गाव लागते

23 मार्च 2020 च्या रात्री ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी देशवासीयांना घरातच थांबण्यास सांगितले. अत्यावश्यक खरेदी, औषधोपचार, घरून करता न येणारे काम आणि दिवसातून एकदा व्यायाम, एवढ्यासाठीच बाहेर पडण्याची मुभा उरली. कॅम्पसाइट बंद झाल्या आणि ईस्टरच्या सुटीची वाट पाहणाऱ्या मोटरहोम मालकाच्या दारातच अडकून पडल्या. त्यानंतरच्या काही महिन्यांत या मालकांचा एक युक्तिवाद वारंवार कानी आला. आमचे अंथरूण, चूल, संडास सारे आमच्याच गाडीत आहे. आम्ही कोणाच्या संपर्कात येणार नाही. मग एखाद्या ओसाड किनाऱ्यावर जाऊन राहिलो तर बिघडते कोठे? या प्रश्नामागची ओढ खरी होती आणि तिची टिंगल करणे अन्यायाचे होते. युक्तिवाद मात्र टिकणारा नव्हता. चाकांवरचे घर वाटते तितके स्वयंपूर्ण नसते, ते वाटेवरच्या गावांच्या भरवशावर चालते. महासाथीने उघड केलेली ही गोष्ट साथ ओसरली म्हणून विसरून चालणार नाही.

आधी त्या ओढीविषयी. मोटरहोम घेणाऱ्यांत निवृत्त माणसे बरीच असतात. आयुष्यभराच्या बचतीतून गाडी घ्यायची आणि हातीपायी धड आहोत तोवर फिरून घ्यायचे, हा त्यांचा बेत असतो. तरुणाचा एक उन्हाळा वाया गेला तर पुढे अनेक उन्हाळे असतात. सत्तरीतल्या माणसाला तो हिशेब परवडत नाही. लॉकडाऊनमध्ये या माणसांचा दिवस उभ्या गाडीच्या देखभालीत जाई. एका जागी उभ्या गाडीचे टायर दबतात, म्हणून ती थोडी पुढेमागे करायची. बॅटरी उतरू नये म्हणून चार्जिंगला लावायची. बुरशी धरू नये म्हणून फ्रिजचे दार किलकिले ठेवायचे, कोपऱ्यांत ओल शिरली नाही ना ते पाहायचे. कोणी गाडीतच ऑफिस थाटले, कोणी मुलांचा ऑनलाइन अभ्यास तिथे घेतला. अमेरिकेत ‘आरव्हीज फॉर एमडीज’ या उपक्रमातून अनेकांनी आपल्या गाड्या डॉक्टर-परिचारिकांना राहायला दिल्या. रुग्णसेवा करून परतताना घरच्यांना संसर्ग होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. ज्यांनी असे केले त्यांना भटकंतीच्या नादापायी बेजबाबदार झालेली मंडळी ठरवणे चुकीचे आहे.

आता स्वयंपूर्णतेचा दावा तपासू. मध्यम आकाराच्या मोटरहोममध्ये साधारण शंभर लिटर पिण्या-वापरण्याचे पाणी मावते. स्वयंपाकाचे आणि अंघोळीचे सांडपाणी वेगळ्या टाकीत साठते. शौचालयाखाली काढता-घालता येणारी टाकी असते. तिला कॅसेट म्हणतात आणि तिची क्षमता वीस लिटरच्या आसपास असते. दोन माणसांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते. छतावरच्या सौर पॅनेलमुळे विजेचा प्रश्न बराचसा सुटेल, गॅसची टाकी काही आठवडे पुरेल. पण कॅसेट रिकामी करायला ठरावीक जागाच लागते. एरवी ती सोय कॅम्पसाइटवर असते. मार्चमध्ये कॅम्पसाइट बंद होत्या आणि ठिकठिकाणची सार्वजनिक स्वच्छतागृहेही. म्हणजे ओसाड किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबापुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोनच मार्ग उरत: परत फिरणे किंवा मैला झाडीत, ओढ्यात ओतणे. त्यात डिझेल भरणे, दूध-पाव घेणे, बिघाड झाला तर मेकॅनिक बोलावणे आलेच. गाडीच्या चार भिंतींत संसर्ग कोंडता येतो, गरजा कोंडता येत नाहीत.

त्या गरजा नेमक्या कोणाच्या दारात जाऊन पडतात, हे स्कॉटलंडच्या हायलँड भागात स्पष्ट दिसले. लॉकडाऊन जाहीर होण्याआधीच्या शनिवार-रविवारी शहरांतून मोटरहोम आणि कॅराव्हॅन उत्तरेकडे निघाल्या. तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या सरकारला या प्रवाशांना जाहीरपणे माघारी जायला सांगावे लागले. कारण साधे होते. हायलँड कौन्सिलचा प्रदेश 25 हजार चौरस किलोमीटरहून मोठा, वस्ती अडीच लाखांच्या आत आणि त्यातही वयस्कर लोक बरेच. या भागाचे मुख्य रुग्णालय, रेगमोर, इन्व्हर्नेसला आहे. उत्तर टोकावरच्या डर्नेससारख्या गावापासून ते दीडशेहून अधिक किलोमीटरवर. गावातले एकच दुकान तिथल्या लोकांपुरता माल ठेवते. अशा ठिकाणी शंभर गाड्या आल्या तर त्यातल्या एखाद्याच आजाऱ्यानेही व्यवस्था कोलमडू शकते. पाहुण्याला जो एकांत वाटतो, तो यजमानाच्या लेखी सेवांचा तुटवडा असतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. उघड्या हवेत विषाणूचा प्रसार बंद खोलीपेक्षा कितीतरी कमी होतो, मग मोटरहोमला हॉटेलच्याच रांगेत का बसवले? हा आक्षेप पुढे सरकारांनीही काही प्रमाणात मान्य केला. जुलै 2020 मध्ये वेल्स आणि स्कॉटलंडने पर्यटन उघडताना स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह असलेल्या निवासाला आधी परवानगी दिली. सामाईक सोयींच्या कॅम्पसाइट नंतर उघडल्या. एप्रिल 2021 मध्ये इंग्लंडनेही तोच क्रम ठेवला. पण 2020 च्या त्याच उन्हाळ्यात परदेशवाऱ्या अवघड झाल्याने भाड्याच्या आणि नव्याने घेतलेल्या गाड्यांची हायलँडमध्ये रीघ लागली. इन्व्हर्नेसहून सुरू होऊन तिथेच संपणारा ‘नॉर्थ कोस्ट 500’ हा सुमारे 830 किलोमीटरचा मार्ग मुळातच अरुंद. अनेक ठिकाणी एकाच गाडीपुरता. रस्त्याकडेला मैला ओतल्याच्या, शेताची फाटके अडवून गाड्या लावल्याच्या तक्रारी गावोगाव वाढल्या. संसर्गाच्या हिशेबात सुरक्षित ठरलेली गाडी सांडपाण्याच्या हिशेबात नापास झाली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मान्यच करायला हवा. काही जणांचे मोटरहोम हेच एकमेव घर असते. त्यांना ‘घरात राहा’ म्हणणे आणि गाडी उभी करायची जागा बंद करणे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. इंग्लंडच्या मार्च 2020 च्या नियमांत, जे त्या जागी कायम राहतात किंवा मूळ घरी परतू शकत नाहीत, त्यांना कॅम्पसाइटवर ठेवून घेण्याची सवलत होती. पण ती सवलत होती, सक्ती नव्हती. पाणी आणि मैल्याची सोय कोणी द्यायची, याचे बंधन त्यात नव्हते. ऑस्ट्रेलियात घर विकून देशभर फिरणाऱ्या वृद्धांनाही राज्यांच्या सीमा बंद होताच हाच प्रश्न पडला. सहलीला निघालेला आणि रस्त्यावरच राहणारा यांच्यात कायद्याने फरक करायलाच हवा. दुसऱ्यासाठी मुक्कामाची खात्रीची जागा ही आरोग्यसेवेचाच भाग मानली पाहिजे.

तिसरा आक्षेप पर्यटनावर पोट असलेल्या गावांच्या नावाने घेतला जातो: पाहुणे नकोत, पण त्यांचे पैसे हवेत, हे कसे? गावांना पाहुणे हवेच होते; सोय आणि संमतीशिवाय आलेले नको होते. फ्रान्समध्ये कितीतरी नगरपालिकांनी मोटरहोमसाठी थांबे बांधले आहेत. तिथे पाणी भरता येते, सांडपाणी आणि कॅसेट रिकामी करता येते, एक-दोन रात्री राहता येते. मग प्रवासी गावातच पाव घेतो, गावातच जेवतो. स्कॉटलंडनेही धडा घेतला. 2021 मध्ये हायलँड कौन्सिलने हंगामी रेंजर नेमले आणि सरकारी वनविभागाने काही जंगलांच्या वाहनतळांवर स्वयंपूर्ण मोटरहोमना एका रात्रीचा मुक्काम प्रायोगिक तत्त्वावर खुला केला. बंदी आणि मोकाट मुभा यांच्यामधला हा रस्ता आहे आणि तोच टिकणारा आहे.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. 2020 च्या गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवसांचे विलगीकरण पाळावे लागले. त्यांचे तर गावात स्वतःचे घर होते, माणसे होती. तरीही गावातल्या आरोग्य केंद्राला किती भार पेलेल, हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्त होता. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात कॅराव्हॅन पार्कची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट. पण दापोली, भंडारदरा किंवा तोरणमाळच्या वाटेवर गाड्या येण्याआधी मैला कोठे जाणार, पाणी कोणाच्या योजनेतून येणार आणि मुक्कामाच्या शुल्कातला वाटा ग्रामपंचायतीला मिळणार की नाही, हे ठरले पाहिजे. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात कितीही पाणी कोसळले तरी एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्या टँकरवर जगतात. तिथे शंभर लिटरची टाकी भरून घेणाऱ्या प्रत्येक गाडीचा हिशेब गावाला द्यावाच लागेल. पर्यटन विभागाने पार्कला परवानगी देताना मैला-निर्मूलनाची सोय आणि ग्रामसभेची संमती या दोन अटी बंधनकारक कराव्यात, आणि या गाड्या घेऊन निघणाऱ्यांनीही त्यांचा आग्रह धरावा. मुक्त प्रवासाचा हक्क त्यातूनच टिकेल.